नवीन लॅपटॉप घरी आलाय, शेजारचा मुलगा चालू करून देतो म्हणतोय. देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही निवृत्त शिक्षिका. मुलाने विंडोज ११ चा नवा लॅपटॉप पाठवलाय. तुम्हाला त्यावर मराठीत लिहायचंय, पेन ड्राइव्हवर पंधरा वर्षांपूर्वीचे लेख आहेत, आणि शेजारचा मुलगा म्हणतोय, "काकू, पाच मिनिटांत सेट करून देतो."

बाई (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही), जरूर द्या त्याच्या हातात. पण आपण शेजारी खुर्ची टाकून बसा, आणि अकाउंट विचारलं की तुमचंच द्या. त्याचं नाही, मुलाचंही नाही.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण आमच्या घरी ठेच लागून झाली आहे. कऱ्हाडात माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं, पण वडिलांनी लॅपटॉप घेतला तेव्हा मी बाहेरगावी होतो. ज्या दुकानातून घेतला तिथल्या पोराने मायक्रोसॉफ्टचं स्वतःचंच अकाउंट टाकून मशीन चालू करून दिलं. वडील खूश. दीड वर्षाने मदरबोर्ड गेला, वॉरंटीत बदलून मिळाला. घरी आणून चालू केला तर निळा पडदा: रिकव्हरी की टाका. ४८ आकडे. सहा-सहाचे आठ गट.

झालं होतं असं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा आत शिरलं की बहुतेक वेळा विंडोज डिस्कला आपणहून कुलूप लावतं. रोज ते जाणवत नाही, कारण मदरबोर्डवरची एक चिप ते गुपचूप उघडते. मदरबोर्ड बदलला की ती चिपही गेली. मग उरते फक्त ती ४८ आकड्यांची किल्ली, आणि ती जमा असते ज्याचं अकाउंट टाकलं त्याच्याकडे. ते पोरगं तोवर नोकरी सोडून कुठे गेलं, दुकानदारालाही सांगता येईना. बहिणीच्या लग्नाचे फोटो डिस्कवर आहेत आणि डिस्क कपाटात आहे. जमीन आपण कसतोय आणि सातबारा भलत्याच्या नावावर, अशातली गत.

म्हणून पहिल्या दिवशी एवढं एक काम नीट करा. तुमच्या ईमेलने मायक्रोसॉफ्टचं अकाउंट उघडा, त्याला तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. लॅपटॉप चालू झाला की मायक्रोसॉफ्टच्या साइटवर त्याच अकाउंटने जा, 'डिव्हाइसेस'मध्ये तुमच्या लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकरची (त्या कुलपाचं हे नाव) रिकव्हरी की दिसेल. ती वहीत उतरवून घ्या, उतरवल्यावर एकदा पडताळून पाहा. ईमेल आणि पासवर्डही त्याच वहीत. 'पासवर्ड लिहून ठेवू नये' असं सांगणारे लोक ऑफिसातले असतात. घरच्या कपाटातली वही हॅकरच्या हाती लागत नाही. फक्त ती वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

पिन मागेल तो वेगळा. पिन त्या एकाच लॅपटॉपवर चालतो, पासवर्ड कुठूनही चालतो. शेजारच्या मुलाला पिन कळला तर फार बिघडत नाही, नंतर बदलता येतो.

आता थोडं मागे जातो, खोक्यापाशी. खोका उघडताना कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. काही फुटकं निघालं तर भांडायला बरं पडतं. बिल मुलाकडून मागवून घ्या आणि लॅपटॉपच्या पोटाखालचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून धरली आहे ती तारीख बघा. कधीकधी ती खरेदीच्या आधीचीच धरलेली असते, बिल दाखवून दुरुस्त करून घेता येते. बटण दाबूनही चालू झाला नाही तर घाबरू नका, चार्जर लावून दाबा. पुष्कळ लॅपटॉप पहिल्यांदा चार्जर लावल्याशिवाय जागेच होत नाहीत. 'आधी आठ तास चार्ज करा' हा सल्ला जुन्या बॅटऱ्यांचा, आता गरज नाही. उलट दिवसभर टेबलावर वायर लावूनच वापरणार असाल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते का बघा. बॅटरी जास्त वर्षं टिकते.

आणि हो, मुलाने ५१२ जीबी सांगितलं असेल आणि पडद्यावर ४७६ च्या आसपास दिसेल. कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

पहिल्या संध्याकाळी अपडेट सुरू होतील. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ते दिवसाचा सगळा डेटा गिळून टाकतात, त्यामुळे त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा आणि मोठे अपडेट कुणाच्या तरी वायफायवर उरका. ३० दिवसांचा फुकट अँटिव्हायरस आलेला असेल तर सरळ काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस, म्हणजे वर्ड वगैरे, मात्र बघून घ्या. लॅपटॉपबरोबर कायमचं मिळालंय की वर्षभराचं, हे खोक्यावर किंवा बिलावर लिहिलेलं असतं. ज्या अकाउंटने ते पहिल्यांदा चालू कराल त्यालाच ते चिकटतं. परत तोच सातबारा.

वनड्राइव्ह नावाचा एक पाहुणा न बोलावता येतो. तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो तो इंटरनेटवर नेऊन ठेवायला लागतो. फुकट जागा ५ जीबी. लग्नाच्या एका अल्बमात ती भरते आणि मग तो रोज पैसे मागतो. लेख त्यात राहू द्या, लेखांना जागा लागतेच किती. फोटोंचं कॉपी करणं बंद करा आणि त्यासाठी एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. बंद केल्यावर फोटोंचं फोल्डर रिकामं दिसलं तर रडू नका, फाइली बहुतेक वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बसलेल्या असतात.

आता तुमचं खरं काम, मराठी. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे 'ॲड अ लँग्वेज' करून मराठी निवडा. मध्येच ते विचारेल की सगळा पडदाच मराठीत करू का. तिथली खूण काढून टाका. नाहीतर मदतीला येणाऱ्या मुलाला एकही मेन्यू सापडणार नाही. नंतर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

कीबोर्ड दोन प्रकारचे मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंग मारायचं, मराठी उमटतं. अर्ध्या तासात जमतं. दुसरा इनस्क्रिप्ट. त्याला पंधरवडा लागतो, आणि तरीही मी तुम्हाला इनस्क्रिप्टच सांगेन. तुम्ही आयुष्यभर बाराखडी शिकवलीत आणि तो कीबोर्ड बाराखडीवरच बांधलेला आहे. मात्रा-काने डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'के'च्या बटणावर क, शिफ्ट धरलं की ख. 'आय'वर ग, शिफ्टने घ. 'एन'वर ल, शिफ्टने ळ. पाय मोडायचा तर 'डी'. आणि जे फोनवर लिहिणाऱ्या अर्ध्या महाराष्ट्राला जमत नाही ते इथे एका शिफ्टवर आहे: साधा र 'जे'वर, त्याचा पाय मोडून य दिला की 'आचार्य'मधला र्य. शिफ्ट धरून 'जे' मारलं आणि पुढे तसंच केलं तर 'दुसऱ्या'मधला ऱ्य. शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या माणसाला याचं सुख वेगळं सांगायला नको.

जुन्या टाइपरायटरवर हात बसलेला असेल तर एकच अडचण येईल. तिथे 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची सवय असते. इथे आधी क, मग वेलांटी. बोलतो तसंच.

पेन ड्राइव्हवरच्या लेखांबद्दल मात्र मन घट्ट करा. त्या काळी आम्ही डीटीपीवाले कृतिदेव, श्रीलिपी असल्या फाँटांत काम करायचो. ते फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे. कृतिदेवमध्ये 'मराठी' शब्द आतून 'ई जे के बी एच' असाच असतो. नव्या लॅपटॉपवर फाँट नसला की मुखवटा गळून पडतो आणि पानभर इंग्रजी गिचमिड दिसते. लेख हरवलेले नाहीत. फाइल कुठल्या फाँटात आहे ते वर्डमध्ये फाँटच्या चौकटीत दिसतं. ते नाव लिहून घ्या आणि त्या फाँटाचं युनिकोड कन्व्हर्टर शोधा, इंटरनेटवर फुकट मिळतात. युनिकोड म्हणजे मुखवटा नसलेली खरी मराठी अक्षरं, कुठल्याही मशीनवर तशीच दिसणारी. मूळ फाइलला हात लावू नका, प्रत काढून त्यावर करा, आणि जोडाक्षरं व रफार डोळ्याखालून घाला, तिथे चुका राहतातच. पुढचं सगळं लिखाण युनिकोडमध्येच. त्यासाठी निर्मला नावाचा फाँट तर विंडोजमध्ये असतोच, आणि मराठी भाषा जोडली की मंगलही येतो. हा मंगल आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, मराठीतले कवी आणि अक्षरांचे मोठे जाणकार.

बोटं दुखली तर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडा, 'टूल्स'मध्ये व्हॉइस टायपिंग आहे, भाषा मराठी करा आणि बोला. वर्गात बोलायचात तसं स्पष्ट बोलाल तर फार चुका होत नाहीत. विरामचिन्हं मात्र नंतर हाताने.

एक सावधगिरी. कधीतरी पडदाभर लाल खिडकी येईल, भोंगा वाजेल, 'व्हायरस शिरलाय, या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्ट अशा सूचनेत कधीही फोन नंबर देत नाही. फोन करायचा नाही, खिडकी बंद होत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. फोन झालाच आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

आमच्या वडिलांनी दुसरा लॅपटॉप घेतला तेव्हा अकाउंट स्वतःचं टाकलं, किल्ली पंचांगाच्या मागच्या पानावर लिहिली, आणि इनस्क्रिप्टवर पहिला मजकूर लिहिला तो नगरपालिकेला: गल्लीतल्या नळाला पाणी येत नाही म्हणून. अकरा ओळींचा अर्ज, लागले तीन तास. त्यातली वीस मिनिटं 'ज्ञ' शोधण्यात गेली. तो शिफ्ट धरून पाचच्या बटणावर असतो.