बीटा ‘डबल’ झाला नाही, मग?

प्रश्न : पाळी चुकल्यावर बीटा एचसीजी (गरोदरपणात रक्तात वाढणारं संप्रेरक) ६२० आला, दोन दिवसांनी ८१०. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. नणंद म्हणते डबल व्हायलाच हवा. गर्भ ट्यूबमध्ये (गर्भाशयाला जोडलेल्या गर्भनळीत) असेल का? (कोपरखैरणे)

डबलचा हट्ट सोडा. पहिला आकडा १५००च्या आत असेल तर निरोगी गर्भात ४८ तासांत तो निदान ४९ टक्के वाढावा, असा हिशेब आता धरतात. म्हणजे तुमचा सुमारे ९२५ हवा होता. ८१० कमीच आहे, त्यामुळे हा गर्भ टिकण्याची शक्यता फार थोडी. पण तो गर्भाशयात वाढ खुंटून थांबलाय की नळीत रुजलाय, हे या आकड्यावरून कळत नाही. शिवाय नळीतल्या काही गर्भांचा बीटाही अगदी नेमाने चढतो.

सोनोग्राफी कोरी आली, याचं या आकड्याला नवल नाही. ३५००च्या पुढे जाऊनही गर्भाशय रिकामं दिसलं तर संशय पक्का होत जातो. मात्र नळीतली गाठ कमी आकड्यालाही दिसू शकते, म्हणून सोनोग्राफी आतूनच (योनीमार्गातून) करून घ्या.

तुमचे दोन्ही रिपोर्ट मी पाहिले. पहिला वाशीच्या लॅबचा, दुसरा घराजवळचा. किट बदललं की आकडाही थोडा बदलतो. आता ४८ तासांनी पुन्हा रक्त द्या, आणि यापुढे लॅब बदलू नका.

प्रश्न : गर्भ नळीत आहे का, याचं एकाच रक्ततपासणीत निदान होईल असं काही नाही का? पत्नीचं प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) ११ आहे. (घोडबंदर रोड)

नाही. प्रोजेस्टेरॉन ५च्या खाली असेल तर गर्भ बहुधा टिकणारा नसतो, २०च्या वर असेल तर बहुधा ठीक असतो. अस्थानी, म्हणजे गर्भाशयाबाहेरच्या, गर्भधारणेतले बरेच आकडे नेमके या दोहोंच्या मध्ये येतात, तुमच्यासारखे. त्यात आपल्याकडे पाळी चुकली की प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सर्रास सुरू होतात. त्यातल्या काहींनी रिपोर्टच फुगतो, तेव्हा औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. अ‍ॅक्टिव्हिन-ए, व्हीईजीएफ, सीए-१२५ या रक्तातल्या इतर घटकांवर संशोधन झालंय, पण निदान सोपवावं इतकं खात्रीचं त्यातलं एकही नाही.

प्रश्न : मेथोट्रेक्सेटच्या (नळीतल्या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शननंतर बीटा १९०० वरून चौथ्या दिवशी २३०० झाला. इंजेक्शन वाया गेलं? (नेरूळ)

घाबरू नका, चौथ्या दिवशी तो वाढतोच बऱ्याचदा. चौथ्या आणि सातव्या दिवसाची तुलना करायची, १५ टक्के उतार हवा. तुमचा १९५५ किंवा त्याखाली आला की दर आठवड्याला तपासत शून्याजवळ न्यायचा. तोवर फॉलिक अ‍ॅसिड बंद. ते औषधाच्या विरुद्ध काम करतं.

प्रश्न : सुनेचा बीटा उतरतोय, पण पोटात कळ येते, खांदाही दुखतो म्हणते. गॅस असेल ना? (कळवा)

आजी, तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं. इथे बाकीच्यांसाठी लिहिते. आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. पोटात रक्त साचलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, चक्कर येते, घाम सुटतो. ओवा-हिंग देत बसू नका, पुढच्या रिपोर्टची वाट पाहू नका. १०८ला फोन करा, ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि रक्तगट आठवणीने सांगा. तो निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं (पुढच्या गरोदरपणात रक्तगटामुळे बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा.