परसातल्या शंका: न तापणारा ढीग आणि पातळ कवचाची अंडी

प्रश्न: पालापाचोळा, ओला कचरा आणि शेण यांचे थर देऊन दोन महिन्यांपूर्वी खताचा ढीग रचला. तो तापलाच नाही. वरून कोरडा ठणठणीत आहे आणि तळाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. आता तो टाकून द्यावा का?

उत्तर: मुळीच टाकू नका, माल वाया गेलेला नाही. तो वास म्हणजे तळाला हवा पोहोचत नाही. ओली पाने एकावर एक चिकटून त्यांचे पापुद्रे होतात, आणि वरून ओतलेले पाणी कोरड्या भागात न मुरता फटींतून थेट खाली जाऊन साचते. खरा दोष जाड थरांचा आहे.

ढीग पूर्ण मोडा. पापुद्रे हाताने सुटे करा, काड्या बोटभर लांबीच्या तोडा. ओल्या मालाच्या एका घमेल्याला सुक्या पाल्याची दोन ते तीन घमेली घेऊन सगळे कालवा. तळाला वीतभर जाड काटक्या अंथरा, म्हणजे खालून हवा खेळेल. रचताना लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी किमान 1 मीटर हवी. याहून लहान ढिगात तयार झालेली ऊब टिकत नाही, आणि न तापण्याचे हेही एक मोठे कारण असते.

पाणी रचतानाच शिंपडत जा. मधला मूठभर माल घट्ट पिळून पाहा: बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला की ओल बरोबर. धार लागली तर सुका पाला वाढवा.

तीन-चार दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल, तर ढीग पेटला. आत 55 ते 65 अंश सेल्सिअस हवे. तणाचे बी या उष्णतेत मरते, पण कडेचा माल गारच राहतो. म्हणून ऊब उतरू लागली की कडेचे आत, आतले बाहेर अशी पलटी मारा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर शेण किंवा ओला कचरा जास्त झालाय, सुका पाला मिसळा.

पलटी मारूनही पुन्हा तापेनासा झाला की महिनाभर तसाच मुरू द्या.

प्रश्न: अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य देऊनही कवच पातळ येते.

उत्तर: सोबत दाणे टाकता का? कोंबड्या आधी दाण्यांवर तुटून पडतात आणि खाद्यातला चुना तेवढा कमी पोटात जातो. दाणे संध्याकाळी, मूठभरच. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. भुकटी नको, जाडसर हवा. कवच बहुतांशी रात्री तयार होते, आणि जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळत तेव्हा कामी येतात. उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचेही कवच पातळ पडते, तिथे सावली आणि गार पाणीच उपयोगी. पिल्लांना मात्र हे खाद्य देऊ नका, जादा चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

प्रश्न: टोमॅटोचे बी घरी कसे धरावे?

उत्तर: संकरित वाण नको, पुढच्या पिढीत गुण फुटतात. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवा, रोज ढवळा. बियांवरचा बुळबुळीत पडदा सुटला की धुऊन ताटलीत पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवले तर बी चिकटून बसते.