मीच कमी पडतेय का?

“मॅडम, दिवसभर एक मिनिट रिकामी बसत नाही, तरी काम संपत नाही. मीच कमी पडतेय का?”

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की एका बाईंची हकिगत सांगायचं ठरवलं. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

विक्री, उत्पादन आणि हिशेब या तीन विभागांमधला दुवा म्हणजे त्या. प्रत्येक विभागाचं नियोजन चोख होतं, पण आपापलं. पहिल्या भेटीत फोन मांडीवर पालथा ठेवलेला. तो थरथरला की त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

आधी झोप, भूक, मन यांची चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटायला हवं. यांना झोप लागत नव्हती, पण लांब सुट्टीत शांत लागायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. त्यामुळे मला बाईंइतकंच त्यांचं कामही बघायचं होतं.

वेळापत्रक करायला सांगितलं नाही. ते त्यांनी अनेकदा करून पाहिलं होतं. म्हटलं, सुरू असलेलं एकूण एक काम कागदावर उतरवा. कोणी दिलं, कधी सुरू झालं, आत्ता कुणावाचून अडलंय.

पुढच्या भेटीत त्यांनी कागदाची घडी उलगडली. २१ कामं. शेवटच्या रकान्यात १२ ठिकाणी दुसऱ्याच कुणाचं नाव: कुणाची सही, कुणाचा आकडा, कुणाची मंजुरी.

“आठवड्याला किती हातावेगळी होतात?”

“तीन.”

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांच्या गणितातला एक साधा नियम सिद्ध केला. हातातल्या कामांना आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते कळतं. २१ भागिले ३. बाईंनी तो भागाकार कागदाच्या कोपऱ्यात दोनदा केला.

“सात आठवडे? मी तर सगळ्यांना दोन आठवड्यांत देते म्हणून सांगते...” आणि त्या रडल्या. मी रडू दिलं. इतके महिने त्या आकड्याचा दोष त्या स्वतःला देत होत्या.

खरी अवघड गोष्ट होती ती हे वर सांगण्याची. “नाही म्हणायला शिका” हा सल्ला मी देत नाही. देणाऱ्याचं काही जात नाही, नोकरी ऐकणाऱ्याची असते. आम्ही एकच वाक्य घोकलं: “हे घेते सर. त्यासाठी यातलं कोणतं मागे ठेवू?” पहिल्या चार-पाच वेळा त्यांच्या तोंडून आधी “सॉरी”च आलं.

साहेबांचं उत्तर आलं, “सगळंच महत्त्वाचं आहे.” बाई हिरमुसून परतल्या. मग लक्षात आलं, त्या एकाच साहेबांना विचारत होत्या, आणि प्रत्येक साहेबांना फक्त आपलीच कामं दिसतात. तोच कागद त्यांनी तिन्ही विभागप्रमुखांसमोर एकत्र ठेवला. तिघांची चांगलीच जुंपली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आधी हाच वाद रात्री दोन वाजता एकट्या बाईंच्या डोक्यात चालायचा. शेवटी ठरलं: एका वेळी ९ कामं सुरू, बाकीची रांगेत, आणि रांगेचा क्रम दर सोमवारी तिघांनी मिळून वीस मिनिटांत लावायचा.

विक्रीचे साहेब अजूनही मधूनच थेट फोन करतात. बाई काम लिहून घेतात आणि सोमवारी रांगेत दाखवतात. मागच्या महिन्यात सुरू कामं ११ झाली. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात हिशेबाचे साहेब म्हणाले, “दोन जास्त आहेत. कोणती काढायची?” मला फोन केला तो एवढंच सांगायला.