नवा कान ऐकण्याचा नाही, ताई

(सांगलीहून एका आईचं पत्र. लेक १० वर्षांची, उजवा कान जन्मापासून नीट झालेला नाही, भोकही नाही. दोन महिन्यांपूर्वी पुण्यात बरगडीची कूर्चा काढून नवा कान केला. सासूबाईंचं एकच पालुपद, पोटुशी असताना तू ग्रहण पाळलं नाहीस. नवरा गप्प. "सासूबाईंना काय उत्तर देऊ?")

ताई, सगळं पत्र सासूबाईंवर आणि शेवटी जाता जाता एक ओळ, "कान झाला तरी वर्गात लक्ष देत नाही अशी बाईंची तक्रार आहे, मीपण चांगलीच ओरडले." मी त्या ओळीवरच अडकलेय.

अहो, तिला ऐकू येत नाहीये! त्या बाजूने ऑपरेशनआधी जेवढं ऐकू यायचं तेवढंच आत्ता येतं. नवा कान दिसायला आहे, चष्मा अडकवायला आहे, पण आत जायला रस्ताच नाही तर आवाज जाणार कुठून? डॉक्टरांनी हे सांगितलं असणार, गडबडीत तुमच्या डोक्यातून गेलं असेल, पण लेकीला कुणी सांगितलं का? पोरीने छातीचं दुखणं काढलं, कानाला साचलेलं रक्त-पाणी काढणारी ड्रेनची नळी लावून झोपली, अजून त्या कुशीवर वळायचं नाही, आणि एवढं सोसून हाक ऐकू आली नाही की बोलणी पण तिनेच खायची.

एकाच कानाने ऐकणाऱ्या पोराला आवाज कुठून आला ते पटकन कळत नाही, गोंगाटात तर शब्दच सुटतात, मग ती नुसती "हं" म्हणते नाहीतर शेजारणीच्या वहीत बघते. घरी टीव्ही चालू असताना उजवीकडून हाक मारून बघा, मान भलतीकडेच वळेल. आणि रस्ता ओलांडताना आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडूनच येते हो, त्यामुळे तुम्ही कायम तिच्या उजव्या हाताला चाला.

ग्रहणाचं म्हणाल तर बाळाचा कान सहाव्या आठवड्याच्या आसपास घडायला लागतो, तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेही पक्कं माहीत नसतं. ग्रहणाने काही होत नाही, विषय संपला. त्या वादात शक्ती घालवू नका.

सोमवारी लेकीला घेऊन शाळेत जा. त्याआधी रविवारी तिला जवळ बसवून सांगा की बाळा, हा कान ऐकणार नाही, मी उगाच ओरडले. मग तिच्यासमोरच बाईंना सांगा, हिला उजवीकडून ऐकू येत नाही, पुढच्या बाकावर अशी बसवा की उजवा कान भिंतीकडे आणि डावा वर्गाकडे येईल, म्हणजे नव्या कानाला कुणाचा धक्काही लागणार नाही. डोक्याला चिकटलेला नवा कान उचलून बाहेर घ्यायचं दुसरं ऑपरेशन व्हायला अजून काही महिने असतील, तोवर थांबू नका, मिरजेत ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, करून घ्या. अशा मुलांचा आतला कान बहुतेक वेळा शाबूत असतो आणि हाडातून आवाज पोचवणारं मशीन डोक्याच्या पट्ट्यावर बसवता येतं, फक्त पट्टा नव्या कानावर दाबला जाणार नाही ना एवढं तुमच्या सर्जनना आधी विचारा.