सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या मुंबईकराने शरीराचा खरा कस लागेल अशी गुहा कुठे शोधावी?

तुम्ही लिहिले आहे की गेली सहा-सात वर्षे सह्याद्रीत नियमित ट्रेक करता, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले झाले आहेत, दोराची भीती नाही. मात्र दिवे आणि कठडे लावलेल्या पर्यटन गुहा पाहून समाधान होत नाही आणि प्रत्यक्ष सरपटावे, पोहावे, चढावे लागेल अशी गुहा हवी आहे, तर मुंबईहून कुठे जावे आणि तयारी काय करावी. माझे उत्तर मेघालय असे आहे. तयारीसाठी मात्र निदान तीन महिने हातात ठेवा, कारण सह्याद्रीतल्या अनुभवाचा काही भाग तिथे उपयोगी पडतो, तर काही भाग चक्क आड येतो.

आधी घराजवळ का नाही, ते सांगतो. मराठीत लेणे आणि गुहा हे दोन वेगळे शब्द आहेत आणि तो फरक इथे नेमका लागू पडतो. कान्हेरी, महाकाली, जोगेश्वरी, घारापुरी ही सगळी माणसाने कोरलेली लेणी आहेत. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वरापाशी कमरेएवढ्या गार पाण्यात उतरताना अंगावर काटा येतो हे खरे, पण तीही कोरलेलीच जागा आहे. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लांबच लांब गुहा तयार होतात त्या मुख्यतः चुनखडकात. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांत शिरते आणि हजारो वर्षे तो खडक विरघळवत राहते. बेसाल्ट तसा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे शिवथरसारख्या घळी आहेत, पण दिवसभर चालूनही न संपणारा भूमिगत मार्ग नाही. मेघालयात चुनखडक आहे आणि त्यावर सोहरा (म्हणजे चेरापुंजी) आणि मौसिनराम भागात वर्षाला ११ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे त्या टेकड्या आतून पोखरल्या गेल्या आहेत.

खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, त्यामुळे तिथे बहुतेक नावे याच शब्दाने सुरू होतात. जैंतिया टेकड्यांमधील क्रेम लिआत प्राह ही ३० किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यातल्या एका प्रचंड दालनमार्गाला शोधकांनी विमानाच्या हँगरचे नाव दिले आहे. मौसिनराम परिसरातील क्रेम पुरी तर वालुकाश्मातील आहे. २०१८ मध्ये मोजणी झाली तेव्हा ती सुमारे साडेचोवीस किलोमीटर भरली आणि वालुकाश्मातील जगातली सर्वांत लांब गुहा ठरली. सोहऱ्याजवळच्या क्रेम मौमलूहमधल्या एका चुन्याच्या स्तंभाच्या अभ्यासावरून २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांनी गेल्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनने १९९२ पासून ब्रिटिश आणि युरोपीय शोधकांबरोबर दरवर्षीच्या मोहिमांतून या गुहांचे नकाशे तयार केले, आणि आज आपल्याला जे काही ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या कष्टांतून आलेला आहे. सोहऱ्याची मौसमाई गुहा मात्र दिवे लावलेली आहे. ती अर्ध्या तासात पाहून होते, तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

आता कस म्हणजे नेमके काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. जैंतिया टेकड्यांमधील एका नदीगुहेत आम्ही पाच जण सकाळी साडेनऊला शिरलो. पहिला तास गुडघाभर पाण्यातून चालणे, मधूनच दोन हात पोहणे आणि निसरड्या दगडांवरून तोल सांभाळत जाणे असा गेला. त्यानंतर छत खाली येत गेले. आधी कमरेत वाकून, मग रांगत, मग कोपरांवर, आणि शेवटी पोटावर. एका जागी फट इतकी बुटकी झाली की हेल्मेट काढून हाताने पुढे सरकवावे लागले. उजवा हात पुढे, डावा मांडीला चिकटलेला, गाल थंडगार चिखलाला टेकलेला, आणि नाकापासून वीतभर अंतरावर लांबच लांब मिशांचा एक फिकट रातकिडा स्थिर बसलेला. छाती अडकली. मी जोर लावला तसा अधिकच घट्ट बसलो. पुढे गेलेला पनार, म्हणजे तिथल्या स्थानिक जमातीचा, वाटाड्या शांतपणे हिंदीत म्हणाला, ‘सांस छोड़ो, पूरी.’ पूर्ण श्वास सोडल्यावर छाती अर्धे बोट खाली बसली, पायाच्या अंगठ्यांनी रेटले आणि चार-पाच इंच पुढे सरकलो. तिथे थांबून उथळ श्वास घेतला आणि पुन्हा सोडला. ते अंतर जेमतेम चार मीटर होते आणि मला दहा मिनिटे लागली.

ट्रेकमध्ये जोर लावला की वाट संपते, ही सवय तिथे माझ्या आड आली. गुहेत स्नायू ताणले की शरीर फुगते, घाम येतो, धाप लागते आणि धापेमुळे छाती लहान करता येत नाही. म्हणून जो हळू आणि सैल सरकतो तो पुढे जातो. त्यातच ज्या स्नायूंची आपण कधी दखल घेत नाही ते आधी बोलू लागतात. मान दिवसभर वर उचललेली राहते, कोपरे आणि गुडघे खरचटतात, आणि मांडीचा आतला भाग दोन भिंतींमध्ये पाय फाकून चढताना थरथरू लागतो.

त्या दिवशी साडेबाराला वाटाड्याने घड्याळ पाहिले आणि मागे वळायला सांगितले. पुढे मोठे दालन असल्याचे आम्हाला माहीत होते, कोणी फारसे थकलेले नव्हते, आणि मला त्याचा रागच आला. परतताना त्याच फटीपाशी पोहोचलो तेव्हा अंगात थंडी भरली होती, बोटे बधिर झाली होती, गुडघे सुजले होते, आणि येताना दहा मिनिटे लागलेल्या जागेला आता पाऊण तास लागला, कारण आमच्यातल्या एकाचा धीर सुटला आणि त्याला समजावत, थांबवत, पुन्हा सरकवत आणावे लागले. गडावरून उतरताना दम खाऊन, रडतरखडत का होईना, माणूस पायथ्याला पोहोचतो, आणि नाहीच पोहोचला तर चार जण त्याला उचलून आणतात. पोटावर सरपटायच्या वाटेने कोणालाही उचलून आणता येत नाही. जर्मनीतील रीझेन्डिंग गुहेत २०१४ मध्ये एक अनुभवी शोधक सुमारे १,००० मीटर खोलीवर दगड लागून जखमी झाला, तर त्याला वर आणायला ११ दिवस आणि ७०० हून अधिक माणसे लागली. त्यामुळे मी आता एकच नियम पाळतो आणि तुम्हालाही तोच कळकळीने सांगतो: आत शिरताना मागे वळण्याची वेळ ठरवायची, आणि अंगातली निम्म्याहून अधिक ताकद शिल्लक असतानाच वळायचे, समोर कितीही सुंदर दालन असले तरी.

तयारीसाठी मुंबई उत्तम आहे. सांधण दरी नक्की करा, शक्यतो साम्रदकडून उतरून तळापर्यंत. अरुंद भिंती, छातीपर्यंतचे गार पाणी, दगडांवरून उड्या आणि दोराने उतरणे हे सगळे एकाच दिवसात घडते, फक्त डोक्यावर आकाश असते. पदरगडाची चिमणी चढून पाहा. पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रोवून वर सरकण्याचे तेच तंत्र गुहेत वारंवार लागते. रॅपलिंग, म्हणजे दोरावरून उतरणे, तुम्हाला येत असेलच, पण दोरावरून वर चढणे, म्हणजे जुमारिंग, किती वेळा केले आहे? उभ्या गुहेत आधी उतरणे असते आणि दमल्यावर, भिजल्यावर चढणे असते. एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेच्या लोकांकडून ते शिका आणि निदान ३० मीटर न थांबता चढता येईपर्यंत सराव करा. दोर अडकला तर अधांतरी लटकत असतानाच चढण्यावरून उतरण्याच्या साधनावर येणे, हेही हाताला डोळे मिटून जमले पाहिजे.

घरी करण्यासारखी गोष्ट साधी आहे. बुटक्या पलंगाखालून किंवा दोन खुर्च्यांच्या आडव्या दांड्यांखालून, दिवे मालवून, हेल्मेट घालून रोज पंधरा मिनिटे सरपटा. पहिल्या आठवड्यात मान दुखेल. याच सरावात बंद जागेची भीती आपल्याला कितपत आहे हे कळते, आणि ते मेघालयात कळण्यापेक्षा दादरच्या घरात कळलेले फार बरे. भीती वाटणे गैर नाही, मलाही वाटते. मात्र श्वास मोजूनही ती आवरत नसेल तर सरपटायच्या गुहा सोडा आणि मोठ्या दालनांच्या, नदीच्या गुहा निवडा. मेघालयात त्याही पुष्कळ आहेत. तरणतलावात बूट आणि पूर्ण कपडे घालून २०० मीटर पोहण्याचा सरावही करा, अर्थात तलावाच्या व्यवस्थापनाने परवानगी दिली तर.

साहित्याबद्दल एकाच गोष्टीवर मी अडून बसतो, ती म्हणजे उजेड. एका आयोजकाने मला दिलेला हेडलॅम्प दोन तासांत मंदावला आणि त्याच्याकडे जादा सेल नव्हते. मी मागच्या माणसाच्या उजेडात, स्वतःच्याच सावलीत पाय टाकत बाहेर आलो आणि त्या तासाभरात दोनदा पडलो. तेव्हापासून प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे, त्यांतले दोन डोक्यावर बांधता येतील असे, आणि सर्वांचे जादा सेल जलरोधक पिशवीत, याशिवाय मी आत जात नाही. बाकी हनुवटीखाली पट्टा असलेले गिर्यारोहणाचे हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना जाड पॅड, हातमोजे, तळव्याला चांगली पकड असलेले गमबूट आणि अंगभर बॉयलर सूट एवढे पुरते. सुती कपडे मात्र नकोत, ते भिजले की अंगातली ऊब शोषून घेतात. गुहेतले तापमान बारा महिने त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीजवळ राहते. मेघालयात ते ऐकायला सुखद वाटते, पण चार तास पाण्यात काढल्यावर दात वाजू लागतात, म्हणून लांब पाण्याच्या गुहेसाठी वेटसूट, म्हणजे पाण्यात अंगाची ऊब राखणारा रबरी पोशाख, भाड्याने घ्या.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते मार्च, त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात या गुहा नद्यांच्या वाटा होतात आणि बाहेर ऊन असतानाही दूरच्या डोंगरावर पडलेले पाणी आत येऊ शकते. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, नऊ दिवसांनी सापडले आणि १० जुलैला शेवटचा मुलगा बाहेर आला. या बचावकार्यात एका पाणबुड्याचा जीव गेला. आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे पाणी उपसण्याच्या कामात सल्ल्यासाठी गेले होते, ते तुम्हाला आठवत असेल. आत शिरताना भिंतीवर पाण्याच्या रेषा, फांद्या, काटक्या किती उंचीवर अडकल्या आहेत ते पाहण्याची सवय लावून घ्या. पूर कुठवर चढतो ते भिंतच सांगते.

मुंबईहून गुवाहाटीला विमानाने जा. पुढे शिलाँग सुमारे १०० किलोमीटर आणि जैंतिया भागासाठी जोवाई त्याच्याही पुढे आहे. एकट्याने किंवा वाटाड्याशिवाय कोणत्याही गुहेत शिरू नका. तिथल्या बहुतेक जमिनी कुळांच्या आणि गावांच्या मालकीच्या आहेत, त्यामुळे गावच्या मुखियाची, ज्याला खासी भागात रंगबाह श्नोंग म्हणतात, परवानगी घेणे हा शिष्टाचारही आहे आणि सुरक्षेचा भागही, कारण तुम्ही आत आहात हे गावाला ठाऊक राहते. चुन्याच्या लोंबत्या खांबांना हात लावू नका. हाताचे तेल लागले की तिथे चुना साचणे थांबते. वटवाघळांच्या विष्ठेचे थर असलेल्या कोरड्या जागी मास्क बांधा, त्या धुळीतली बुरशी फुप्फुसांना बाधते. पाण्यात मासे दिसले तर चिखल ढवळू नका. जैंतियातल्या क्रेम उम लादावमध्ये ४० सेंटीमीटरहून लांब, आंधळे मासे सापडले आहेत आणि भूमिगत माशांमध्ये ते जगात सर्वांत मोठे मानले जातात.

पहिल्या खेपेला पाच-सहा दिवस काढा आणि तीनच गुहा करा: एक सोपी चालायची, एक पाण्याची आणि शेवटी एक सरपटायची. दोराने उतरायच्या उभ्या गुहा दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. पुढे कधी परदेशी जायचे झाले तर बोर्निओतील मुलू राष्ट्रीय उद्यान पाहा. तिथे गुहांच्या कठीणतेच्या श्रेणी ठरलेल्या आहेत आणि खालची श्रेणी पार केल्याचा अनुभव दाखवल्याशिवाय वरच्या गुहेत नेत नाहीत.

आयोजक निवडताना त्याला फोनवर चार गोष्टी विचारा: एका वाटाड्यामागे किती माणसे, जादा दिवे कोणाकडे, ठरल्या वेळी आम्ही बाहेर आलो नाही तर गावात कोण आणि किती वाजता हालचाल सुरू करणार, आणि मागे वळण्याचा निर्णय कोणाचा. शेवटच्या प्रश्नाला ‘तुम्ही म्हणाल तसे’ असे उत्तर आले, तर आभार मानून फोन ठेवा आणि दुसरा आयोजक शोधा.