कव्वालीचे शब्द कळत नाहीत तरी ऐकताना रडू का येतं?

तुम्ही विचारलंय की उर्दू-फारसी अजिबात येत नाही, देवाधर्माचंही फारसं काही करत नाही, तरी रात्री कव्वाली लावली की डोळे भरून येतात, तर ह्याला भक्ती म्हणायचं की नुसता मूड. मी गोव्यातला, फोंडा तालुक्यातला. घरात भजन, मी स्वतः मंडळीत झीलकरी, म्हणजे मागून ओळ उचलणारा, आणि कव्वाली कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. तर मला ह्यातलं जे कळलंय ते सांगतो.

माझ्या मते सगळी ताकद एकच ओळ धरून बसण्यात आहे. शब्द कळले तर उत्तमच, पण त्याआधी ती ओळ अंगात उतरलेली असते.

कव्वाली कशी उभी राहते ते नीट ऐका. आधी पेटी एकटी वाजते, मग मुख्य कव्वाल ठेक्याशिवाय एखादा शेर म्हणतो, मग ढोलक, तबला आणि मागच्या लोकांच्या टाळ्या सुरू होतात. ओळ येते, मागचे उचलतात, परत येते, परत उचलतात. आता तुमचा कान पुढच्या ओळीसाठी आसुसलेला असतो आणि कव्वाल ती देतच नाही, तो तीच ओळ अर्धी करतो, मग नुसते शेवटचे दोन शब्द घेतो, मग एकाच शब्दावर येऊन बसतो आणि टाळ्या वाढत जातात. ह्या घोळवण्याला तकरार म्हणतात. मध्येच तो दुसऱ्याच कुठल्या तरी कवीचा शेर त्यात आणून बांधतो, ती गिरह, आणि तो शेर फिरून बरोबर त्याच ओळीवर येऊन पडला की मैफलीत जो हुंकार उठतो ना, तो भाषा न येणाऱ्या माणसाच्या तोंडूनही निघतो, मी पाहिलंय.

दर्ग्यातल्या समामध्ये, म्हणजे सूफींच्या गाणं ऐकण्याच्या मैफलीत, तर कव्वालाचं सगळं लक्ष ऐकणाऱ्यांवर असतं. कुणाला हाल आला, म्हणजे तो भान हरपून उभा राहिला, डोलायला लागला, तर ज्या ओळीवर आला ती ओळ सोडायची नाही, तो भानावर येईपर्यंत तीच म्हणत राहायची असा रिवाज आहे. दिल्लीतल्या मेहरौलीला ज्यांचा दर्गा आहे त्या कुतबुद्दीन बख्तियार काकींची गोष्ट सूफी लोक आजही सांगतात. १२३५ सालची. समामध्ये एक फारसी शेर चालू होता, अर्थ साधारण असा की जे शरणागतीच्या खंजिरानं मारले गेले त्यांना घडीघडीला अदृश्यातून नवा जीव मिळतो. सांगतात की पहिल्या ओळीला त्यांचा जीव जायचा आणि दुसऱ्या ओळीला परत यायचा, असं काही दिवस चाललं आणि त्यातच त्यांनी देह ठेवला. तुम्ही ही गोष्ट अक्षरशः माना किंवा मानू नका, पण आठशे वर्षं एका परंपरेनं ती जपलीय, म्हणजे एक ओळ माणसाला कुठवर नेऊ शकते ह्याची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

शब्द न कळण्याचं म्हणाल तर १९८५ साली पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खान इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या मर्सी बेटावर वोमॅड ह्या जागतिक संगीताच्या महोत्सवात गायले. रात्री उशिरा गायला बसले, समोर बहुतेक सगळे गोरे, भाषेचा गंधही नाही, तरी लोक भारावून गेले. पुढे जगभर त्यांचं जे नाव झालं त्यात ह्या रात्रीचा मोठा वाटा आहे.

ह्यावर अभ्यासही झालेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या संगीतानं अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन वाढतं, आणि गंमत म्हणजे ते त्या क्षणाच्या आधी, वाट बघतानाच वाढायला लागतं. आता तकरार आठवा, ती दुसरं काय करते, माणसाला वाट बघायला लावते.

पण मला त्याहून जास्त पटलेला अभ्यास १९९९ चा आहे, बाल्कविल आणि थॉम्पसन ह्या कॅनडातल्या संशोधकांचा. हिंदुस्थानी संगीत अजिबात माहीत नसलेल्या लोकांना त्यांनी राग ऐकवले आणि विचारलं की ह्यात कुठला भाव आहे. आनंद, दुःख आणि क्रोध लोकांनी बरोबर ओळखले. शांत भाव मात्र ओळखता आला नाही. हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ विचार करत बसलो होतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं. रडू यायला ओळख लागत नाही, आवाजातली आर्तता कुणालाही पोचते, ती वरच्या पट्टीतली हाक ऐकून परका माणूसही हलतो. शांत व्हायला मात्र त्या संगीताच्या सहवासात राहावं लागतं.

आणि सहवास म्हणजे माणसंही आली. बगदादचे जुनैद म्हणून नवव्या शतकातले मोठे सूफी, त्यांचं सांगणं होतं की समाला तीन गोष्टी लागतात, वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी आणि सोबत योग्य हवी. मला हे शंभर टक्के पटतं. हेडफोन लावून एकट्यानं ऐकलेली कव्वाली खोटी नाही, माझी सुरुवातही तशीच झाली, पण त्यात सोबत नसते. एकदा दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्यात जाऊन बसा, शक्यतो गुरुवारी संध्याकाळी. आधी अमीर खुसरोंना सलाम करून मग हजरत निजामुद्दीन औलियांकडे जायची रीत आहे, गुरू-शिष्य एकाच आवारात आहेत आणि दोघेही गेले १३२५ मध्येच, काही महिन्यांच्या अंतरानं. तिथे कव्वाल मजारीकडे तोंड करून बसतात. आपण बाजूला, मागे, जागा मिळेल तिथे. गाणं आपल्यासाठी चाललेलंच नाही हे तिथे बसल्यावर लक्षात येतं आणि त्यानंतर टाळ्या-वाहवाची अपेक्षाच मनातून जाते, आपण फक्त त्यात सामील होतो.

आम्हाला गोव्यात हे अनोळखी वाटत नाही. देवासमोर बसायचं, मुख्य भजनी अभंगाचं चरण घेतो, झीलकरी उचलतात, पखवाज आणि झांजा, लय चढत जाते आणि शेवटी गजर. गजरात शब्द किती असतात? दोन-चार नावं. लहानपणापासून पाठ आहेत, अर्थात नवीन काहीच नाही, तरी लय चढली की माझ्या शेजारी बसणारे एक काका, एरवी अगदी कमी बोलणारे, त्यांचे डोळे मिटतात आणि मान अशी काही हलायला लागते की त्यांच्याकडे बघून बाकीच्यांचे आवाज वर जातात. भजनी ते बघतो आणि गजर सोडत नाही. हे हालपेक्षा वेगळं आहे असं मी कसं म्हणू? चवथीच्या आरतीलाही तेच. घुमट हे मातीच्या मडक्यासारखं वाद्य गळ्यात अडकवून एक हात चामड्यावर, दुसऱ्या हातानं मागचं तोंड उघडायचं-मिटायचं, त्यानं तो खोल हुंकार निघतो, सोबत शामेळ हे ढोलासारखं वाद्य आणि कासाळें म्हणजे झांजा, आणि खोलीत वीस माणसं दाटीवाटीनं उभी, तेव्हा आरती कोण म्हणतंय आणि कोण ऐकतंय हे वेगळं काढताच येत नाही.

ही देवाणघेवाण जुनी आहे हो. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतले आणि वारकऱ्यांनी संत म्हणून मानलेले. आणि आमच्या गोव्याच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दोघींना घडवलं अल्लादिया खाँसाहेबांनी. केरी गावातून निघालेल्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. व्हॉयेजर-१ चं उड्डाण ५ सप्टेंबरला झालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. साडेतीन मिनिटांच्या आसपासचं रेकॉर्डिंग आहे, ऐका, त्यातही तेच, एका ओळीकडे परत परत येणं, आणि दर वेळी नव्या वाटेनं.

मग हे आध्यात्मिक की भावनिक? माझं मत विचाराल तर पहिलं रडू भावनेचं असतं आणि त्यात कमीपणा काही नाही, सूफींनी ते दार मुद्दाम उघडं ठेवलंय. पुढे काय होतं हे तुम्ही किती वेळ बसता आणि कुणासोबत बसता ह्यावर आहे. देव मानता की नाही ह्याची चौकशी संगीत करत नाही. पण एक विनंती, चार मिनिटांच्या कापलेल्या क्लिप्स नका ऐकू. तकरारच कापून टाकली तर उरलं काय? नुसरतची वीस-पंचवीस मिनिटांची बैठकीतली रेकॉर्डिंग्ज घ्या, पहिल्या वेळी लिरिक्स न बघता ऐका, दुसऱ्या वेळी अर्थ वाचून ऐका, अर्थ कळल्यावर जास्त लागतं हे माझं ठाम मत आहे. सूफी गायिका आबिदा परवीन ऐका. सिंधमधल्या भिटशाहला शाह अब्दुल लतीफांच्या दर्ग्यावर फकीर रात्री दंबुरा हे तंतुवाद्य घेऊन गातात तेही शोधा, चिरक्या बारीक आवाजातली ती हाक सुरुवातीला कानाला विचित्र वाटेल, पण थोडा वेळ द्या.

आणि गोव्यात येणं झालं तर श्रावण शुद्ध सप्तमीला वास्कोच्या दामोदराच्या भजनी सप्ताहाला या. रोगाच्या साथीच्या काळात जांबावलीच्या दामोदराचं श्रीफळ आणून सुरू झालेलं हे भजन, शंभरहून जास्त वर्षं झाली, चोवीस तास अखंड चालतं, एका मंडळीनं सोडलं की दुसरी धरते. संध्याकाळी फेरीला, म्हणजे जत्रेच्या बाजाराला, गर्दी मरणाची असते, म्हणून रात्री उशिरा किंवा पहाटेच देवळात जा, बसायला जागा मिळते आणि कुणीतरी हातात झांज देतंच.