रफार वरून कापला जातो, उकार खालून

प्रश्न: वर्गाची हजेरी ठेवणारं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप मी करते आहे. 'विद्यार्थ्यांची यादी' या शीर्षकातला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो. 'पुन्हा सुरू करा' या बटणावरचे उकार खालून जातात. बटणाची उंची ४० डीपी, अक्षरं १८ एसपी (डीपी हे अँड्रॉइडमधलं लांबी-उंचीचं माप, एसपी अक्षरांचं). पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, ८ होतं ते १२ केलं, तर आणखीच कापलं गेलं. शिवाय 'हजर' हा शब्द आणि शेजारचा मोठा आकडा एका रेषेत बसत नाहीत. इंग्रजी मजकूर टाकला की सगळं ठीक दिसतं. फॉन्ट बदलू का?

उत्तर: फॉन्टला इतक्यात हात लावू नका. वरून काय कापलं जातंय आणि खालून काय, हे तुम्ही वेगळं सांगितलंत ते फार बरं झालं, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी बटण. ४० डीपी उंचीतून वरखाली आठ-आठ गेले की मजकुराला २४ उरतात. पॅडिंग १२ केल्यावर उरले फक्त १६, आणि अक्षरं तर १८ची! उंची बांधून दिलेली असली की पॅडिंग मजकुराच्याच जागेतून वजा होतं. मजकूर जागेपेक्षा उंच झाला की टेक्स्टव्ह्यू (मजकूर दाखवणारा अँड्रॉइडचा घटक) तो वरच्या कडेपासून मांडतो आणि खालचा भाग कापतो. ग्रॅव्हिटी सेंटर, म्हणजे मजकूर मधोमध ठेवायची सूचना, दिली असली तरी. म्हणून 'पु' आणि 'सु' यांचे उकार गेले. इंग्रजीत तिथे 'रीस्टार्ट' लिहिलं असेल, तर त्यात बेसलाईनखाली (अक्षरं ज्या रेषेवर टेकतात तिच्याखाली) उतरणारं एकही अक्षर नाही, म्हणून दोष दिसला नाही. उंची 'रॅप कंटेंट' (मजकुराला लागेल तेवढी) करा, किमान उंची ४८ डीपी द्या (बोटाने दाबायच्या जागेसाठी अँड्रॉइडची शिफारस तेवढी आहे) आणि पॅडिंग परत ८ वर आणा.

शीर्षकासाठी एक्सएमएलमध्ये, म्हणजे स्क्रीनची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये, 'इन्क्लूडफॉन्टपॅडिंग' (ओळीच्या वरखाली जादा जागा ठेवणारी सूचना) शोधा. तिथे 'फॉल्स' असणार असा माझा दाट संशय आहे. इंग्रजी मजकूर नेमका मधोमध दिसावा म्हणून पुष्कळ जण ते बंद करतात. पण ती वरची मोकळी जागा रफार-वेलांटी-अनुस्वारांसाठी लागते. ती ओळ काढून टाका. मुळात ते चालूच असतं. मधोमध आणण्यासाठी रफाराचा बळी देणं मला अजिबात मान्य नाही. तो गेला की शब्दच चुकीचा छापला जातो.

'हजर' आणि आकडा यांचे चौकोन मध्याला मध्य जुळवून ठेवले असतील. अक्षरांचा आकार वेगळा असला की चौकोन जुळतात, अक्षरं जुळत नाहीत. कन्स्ट्रेंट लेआउटमध्ये (घटक एकमेकांना बांधून जागा ठरवायची अँड्रॉइडची पद्धत) शब्दाची बेसलाईन आकड्याच्या बेसलाईनला बांधा आणि शब्दाचे वरखालचे कन्स्ट्रेंट (बंध) काढा.

मी कुठलीही स्क्रीन तपासताना आधी 'मूर्तींना' हा शब्द टाकतो. खाली दीर्घ उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, सगळं एकाच शब्दात मिळतं. मग सेटिंगमधून अक्षरं सगळ्यात मोठी करतो. अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढतात. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लेआउट बाउंड्स चालू केले की प्रत्येक चौकोनाची कड डोळ्यांना दिसते. अंदाजाने पॅडिंग कमी-जास्त करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता फॉन्टचं. तुम्ही दिलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर अँड्रॉइड ती अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून घेतं. अँड्रॉइड ९ च्या आधीच्या फोनांवर ओळीची उंची मात्र पहिल्याच फॉन्टवरून ठरते. त्यामुळे वरचे बदल करूनही फक्त जुन्या फोनांवर मात्रा कापल्या जात असतील, तरच देवनागरी असलेला फॉन्ट अ‍ॅपमध्ये घाला.